लेवीय २३ मधले सण ख्रिस्ती माणसाने कसे वाचावेत?

प्रश्न असा आहे: "आमच्या मंडळीत दोन तट पडलेत. काही तरुण म्हणतात, नाताळ आणि ईस्टर माणसांनी ठरवले, देवाने नेमलेले सण लेवीय २३ मध्ये आहेत, तेच पाळायला हवेत. वडीलधारी मंडळी म्हणतात, ते सगळं यहुद्यांचं, ख्रिस्ताने ते संपवलं. या प्राचीन इस्राएली सणांना आपल्यासाठी नेमका काय अर्थ आहे?"

आधी थोडक्यात सांगतो. हे सण पाळण्याची सक्ती आपल्यावर नाही. पण ते बाजूला ठेवले तर नवा करार अर्धाच कळतो. येशू मेला, उठला, आत्मा उतरला. या घटनांचा अर्थ सांगायला प्रेषितांच्या हाताशी जी भाषा होती ती याच सणांची होती. त्यामुळे दोन्ही तटांना थोडं थोडं मागे यावं लागेल. जुना करार शिकवण्यात माझा बराच काळ गेला आहे आणि मला त्रास होतो तो तिसऱ्याच गोष्टीचा. सण पाळणारे आणि न पाळणारे, दोघेही ते इस्राएलात कसे साजरे होत हे न बघता थेट 'याचा अर्थ ख्रिस्त' म्हणून मोकळे होतात.

याचं ठळक उदाहरण म्हणजे तो सात सणांचा तक्ता. तुम्ही तो पाहिला असेलच. आजकाल व्हॉट्सअॅपवरही फिरतो. वल्हांडण म्हणजे क्रूस, बेखमीर भाकर म्हणजे कबर, प्रथमपीक म्हणजे पुनरुत्थान, पन्नासावा दिवस म्हणजे आत्म्याचं आगमन. हे चार वसंतातले सण 'पूर्ण झाले'. कर्णे, प्रायश्चित्त आणि मांडव हे सातव्या महिन्यातले तीन अजून 'व्हायचे आहेत', दुसऱ्या येण्याच्या वेळी. तक्ता देखणा आहे आणि पहिल्या चारांत तथ्यही आहे. गाडी अडते ती प्रायश्चित्ताच्या दिवसापाशी. इब्री लोकांस पत्र ९ आणि १० हे अध्याय ओरडून सांगतात की मुख्य याजकाचं ते वर्षातून एकदा करायचं काम ख्रिस्ताने एकदाच आणि कायमचं केलं. मग तेच काम 'अजून बाकी' या रकान्यात कसं? तक्ता वाचवायचा तर इब्री पत्र बाजूला ठेवावं लागतं. मी तक्ता बाजूला ठेवतो.

आता सणांकडे येऊ. सगळ्यांना सारखी जागा देणार नाही, कारण नव्या करारानेही दिलेली नाही.

वल्हांडणापासून सुरुवात करावी लागते. निर्गम १२ नीट वाचा. पहिल्या महिन्याच्या दहाव्या दिवशी एक वर्षाचा, निर्दोष नर निवडायचा; मेंढरांतला चालतो, शेरडांतलाही चालतो. चौदाव्या दिवसापर्यंत तो राखून ठेवायचा आणि संध्याकाळी कापायचा. एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि वरच्या चौकटीला लावायचं. मांस विस्तवावर भाजायचं, बेखमीर भाकर आणि कडू भाजीबरोबर खायचं, सकाळपर्यंत काही उरू द्यायचं नाही, हाड मोडायचं नाही. आणि हे सगळं कंबर बांधून, पायांत जोडे, हातात काठी, घाईघाईने. जेवण झालं की निघायचंच आहे.

या कोकराला तिथे पापबली म्हटलेलं नाही. पापबलीचे नियम लेवीय ४ मध्ये वेगळे आहेत. वल्हांडण हा सुटकेचा सण. विटा पाडून पाडून मोडलेले गुलाम एका रात्रीत फारोच्या हातून सुटतात, ही त्याची गोष्ट. आपल्या गुड फ्रायडेच्या संदेशांत हे बहुधा हरवतं. सगळा भर पापक्षमेवर असतो. पण येशू यरुशलेमेत मरायला गेला तो वल्हांडणाला. पापांच्या शुद्धीसाठी खास नेमलेला दिवस त्याच कॅलेंडरमध्ये सहा महिन्यांनी होता. त्याने निवडला तो सुटकेचा सण, आणि त्याच जेवणात भाकर मोडून 'माझ्या स्मरणार्थ हे करा' असं सांगितलं. दोन्ही अर्थ शुभवर्तमानांत एकत्र येतात हे खरं. योहान १:२९ मध्ये देवाचा कोकरा 'जगाचं पाप' वाहून नेतो, तर मत्तय २६ मध्ये त्याच जेवणातला प्याला पापांच्या क्षमेसाठी आहे. पण आधी ते दोन वेगळे दिसले, तरच एकत्र आल्याचं नवल वाटेल.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण वाचणाऱ्या तरुणांना ती दिसतेच. मार्क १४ प्रमाणे शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं भोजन आहे. योहान १८ आणि १९ प्रमाणे मात्र येशूला पिलातापुढे नेलं तेव्हा लोकांचं वल्हांडणाचं जेवण व्हायचं होतं. म्हणजे मंदिरात कोकरं कापली जात त्या दुपारी तो क्रूसावर होता. दोन्ही वृत्तांत जुळवण्यासाठी विद्वानांनी दोन पंचांगांपासून अनेक तोडगे सुचवले आहेत, एकही सर्वांना पटलेला नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही सुवार्तिक एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: मार्क जेवणातून, योहान कोकराच्या मरणातून. म्हणून योहान मुद्दाम नोंदवतो की सैनिकांनी येशूचे पाय मोडले नाहीत, आणि आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, स्पंजात भरून त्याच्या तोंडाशी नेली ती एजोबावर. निर्गम १२ ज्याच्या कानात आहे त्याला ते लगेच ऐकू येतं.

बेखमीर भाकरीच्या सणाची धार मराठी वाचकाला जाणवत नाही, याचं साधं कारण आपलं ताट आहे. आपल्या चपातीत आणि भाकरीत खमीर नसतंच, मग सात दिवस बेखमीर खाण्यात विशेष ते काय? त्या काळी भाकर फुगवायला आदल्या कणकेतला आंबलेला गोळा राखून ठेवत, आपण दह्यासाठी विरजण राखतो तसा. जुन्याचा अंश नव्यात, नव्याचा त्याच्या पुढच्यात, अशी साखळी वर्षभर चालायची. सणाला घरातलं सगळं खमीर काढून टाकायचं म्हणजे ती साखळी तोडायची आणि कोऱ्या पिठापासून सुरुवात करायची. पौल करिंथकरांना नेमकं हेच लिहितो: जुनं खमीर काढून टाका, कारण आपला वल्हांडणाचा यज्ञपशू ख्रिस्त याचं अर्पण झालं आहे, तेव्हा आपण सण पाळू या. आणि प्रसंग कोणता? मंडळीतल्या एकाने बापाच्या बायकोशी संबंध ठेवला होता आणि बाकीचे फुशारकी मारत होते. पौलाने कॅलेंडर काढून दाखवलं नाही, सणाची शिस्त मंडळीच्या चारित्र्याला लावली. ख्रिस्ती माणसाने सण 'पाळणं' म्हणजे काय, याचा इतका स्पष्ट नमुना नव्या करारात दुसरा मला दिसत नाही.

प्रथमपिकाची पेंढी जवाची. याजकाने ती परमेश्वरासमोर ओवाळायची, 'शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी'. हा शब्बाथ कोणता यावर खुद्द यहुद्यांतच वाद होता: परुशी सणाचा पहिला दिवस धरत, सदूकींकडचा एक पंथ आठवड्याचा शनिवार, म्हणजे पेंढी नेहमी रविवारीच. पौल १ करिंथ १५ मध्ये उठलेल्या ख्रिस्ताला 'प्रथमफळ' म्हणतो. पहिली पेंढी आली म्हणजे उरलेलं शेत मागून येणारच, हा त्याचा मुद्दा आहे. तारखेच्या वादात तो शिरत नाही. आपल्याकडे हे समजायला फार लांब जावं लागत नाही. गोव्यात राय गावी ऑगस्टमध्ये कणसांचं फेस्त होतं, भाताची पहिली कणसं कापून चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. मुंबई-वसईकडचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरात आगेरा करतात. या चाली लेवीयाच्या पुस्तकातून थेट उचललेल्या आहेत असं मी म्हणणार नाही, पण पहिलं पीक ज्याने वेदीपर्यंत नेलं आहे त्याला पौलाचं वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

तिथून सात आठवडे मोजायचे. जवाची कापणी सरून गव्हाची येते आणि पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या दोन भाकरी अर्पायच्या, त्याही खमीर घातलेल्या. वल्हांडणाला वर्ज्य असलेलं खमीर इथे चालतं. या दोन भाकरी म्हणजे यहुदी आणि परराष्ट्रीय, असं बरेच उपदेशक सांगतात. सुंदर आहे, पण मजकुरात नाही. मी ते व्यासपीठावरून सांगत नाही. सांगण्यासारखं दुसरं भरपूर आहे. निर्गम १९ प्रमाणे इस्राएल सीनायपाशी पोहोचला तो तिसऱ्या महिन्यात, आणि पुढे यहुदी परंपरेने हा सण नियमशास्त्र मिळाल्याशी जोडला. सीनायवर अग्नी होता, गर्जना होती. प्रेषितांची कृत्ये २ मध्येही अग्नी आणि आवाज आहे. सोन्याच्या वासराच्या दिवशी सुमारे तीन हजार लोक मारले गेले. पन्नासाव्या दिवशी सुमारे तीन हजार मंडळीत आले. लूक हा आकडा सहज देत असेल असं मला वाटत नाही, पण त्यावर सगळी इमारतही उभी करू नये.

या सणाच्या सूचनांना लागूनच, लेवीय २३:२२ मध्ये, एकदम शेताच्या बांधाची गोष्ट येते: कापणी करताना कडेचं पीक काढू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्या. तक्त्यात याला रकाना नाही. यहुदी सभास्थानांत या सणाला रूथचं पुस्तक वाचतात, आणि रूथ म्हणजे कोण? बेथलेहेमच्या शेतात पडलेली कणसं वेचणारी मवाबी विधवा, येशूच्या वंशावळीत मत्तय जिचं नाव घेतो ती. अनुवाद १६ तर सणाच्या पंगतीची यादीच देतो: मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, उपरा, अनाथ, विधवा. आता प्रेषितांची कृत्ये २ चा शेवट बघा. आत्मा उतरल्यावर मंडळीने काय केलं? मालमत्ता विकली, ज्याला जशी गरज तसं वाटलं. पेंटेकॉस्टचा, म्हणजे या पन्नासाव्या दिवसाचा, संदेश अन्य भाषांपाशी थांबतो तेव्हा सणाचा हा अर्धा भाग शेतातच राहतो.

कर्ण्यांच्या सणाबद्दल लेवीय फक्त दोन-तीन वचनं खर्च करतो, मीही थोडक्यात आटोपतो. सातव्या महिन्याची पहिली तारीख, विसावा, कर्ण्यांचा नाद. यहुदी परंपरेत तो वर्षारंभ झाला. १ थेस्सल ४ मध्ये देवाच्या कर्ण्याचा उल्लेख आहे म्हणून प्रभू याच दिवशी येणार, असं गणित मांडणारे दरवर्षी भेटतात. २०१४ आणि २०१५ मध्ये चार पूर्ण चंद्रग्रहणं लागोपाठ वल्हांडण आणि मांडवांच्या सणाला आली तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता! ग्रहणं आली आणि गेली. वल्हांडण आणि मांडव हे दोन्ही सण पौर्णिमेचे, चंद्रग्रहणही पौर्णिमेलाच होतं. दोन्ही एकत्र येण्यात नवल थोडं.

प्रायश्चित्ताच्या दिवशी मात्र थांबून बघायला हवं. लेवीय १६ मधलं दृश्य असं: मुख्य याजक आपली झगमगीत वस्त्रं उतरवतो, स्नान करतो, साधी तागाची वस्त्रं घालतो. आधी स्वतःच्या आणि आपल्या घराण्याच्या पापासाठी गोऱ्हा. दुसऱ्यांसाठी मध्यस्थी करायची तर आधी स्वतःचा हिशेब. मग दोन बकरे आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या. धुपाच्या धुराआड तो परमपवित्र स्थानात शिरतो, रक्त बोटाने दयासनावर, म्हणजे कराराच्या कोशाच्या झाकणावर, आणि त्याच्यासमोर सात वेळा शिंपडतो. एक बकरा परमेश्वरासाठी मेला. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून तो लोकांची सगळी पापं मोठ्याने कबूल करतो आणि नेमलेला माणूस त्या बकऱ्याला निर्जन रानात सोडून येतो. एका बकऱ्यात रक्ताने शुद्धी, दुसऱ्यात पाप नजरेआड नेणं. लोकांनी काय करायचं? काम नाही आणि जिवाला कष्ट द्यायचे, म्हणजे उपास. तो इतका ठळक होता की प्रेषितांची कृत्ये २७ मध्ये लूक समुद्रप्रवासाचा धोका सांगताना ऋतूऐवजी फक्त 'उपासाचा दिवस होऊन गेला होता' एवढंच लिहितो.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी लोकांनी हा दिवस शतकानुशतकं जपला. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. प्रायश्चित्ताच्या दिवशी ते घराची दारं लावून कडक उपास करत, त्यांच्या जुन्या मराठी बोलीत त्या दिवसाचं नावच दार लावण्यावरून होतं. मंदिर नाही, याजक नाही, तरी दिवस राहिला.

इब्री पत्राचा लेखक या विधीतला प्रत्येक दुवा घेऊन ख्रिस्ताशी ताडून बघतो. हा याजक स्वतःसाठी अर्पण करत नाही. दुसऱ्याचं रक्त नेत नाही. दरवर्षी जात नाही. आणि तेराव्या अध्यायात तो एक अनपेक्षित वळण घेतो: त्या दिवशीच्या बळींची शरीरं छावणीबाहेर जाळत, येशूनेही वेशीबाहेर सोसलं, तर आपणही त्याची निंदा सोशीत छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ या. सुरक्षित जागी बसून 'पाप मिटलं' म्हणणाऱ्याला हे वचन गैरसोयीचं आहे.

मांडवांचा सण सगळ्यांत आनंदाचा. पिकं खळ्यावरून घरात आलेली, द्राक्षं तुडवून झालेली, आणि अशा भरल्या घरातून बाहेर पडून सात दिवस डहाळ्यांच्या मांडवात राहायचं. कोठार भरलं की माणूस रान विसरतो, म्हणून हा बंदोबस्त. गणना २९ मध्ये या सणाच्या गोऱ्ह्यांची संख्या पहिल्या दिवशी तेरा, मग रोज एकेक कमी होत सातव्या दिवशी सात; बेरीज सत्तर. पुढच्या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, ती जगातल्या सत्तर राष्ट्रांसाठी मानली. जखऱ्या १४ मध्ये तर सगळी राष्ट्रं या सणाला यरुशलेमेत येतात. तक्त्यातला 'भविष्य' हा रकाना खरोखर कुठे बसत असेल तर तो इथे, पण पूर्णपणे इथेही नाही.

येशूच्या काळात या सणात दोन विधींची भर पडली होती, मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात त्यांचं वर्णन आहे. रोज सकाळी याजक शिलोहाच्या तळ्यातून सोन्याच्या सुरईत पाणी आणून वेदीवर ओतत; पावसाळा तोंडावर असायचा, त्याची ती प्रार्थना. आणि रात्री स्त्रियांच्या अंगणात प्रचंड समया पेटवून नाच-गाणं चालत असे. आता योहान ७ उघडा. सणाच्या शेवटच्या, मोठ्या दिवशी येशू उभा राहून मोठ्याने म्हणतो, कोणाला तहान लागली असेल तर त्याने माझ्याकडे यावं. पुढच्या अध्यायात, त्याच मंदिरात, 'मी जगाचा प्रकाश आहे'. आणि नवव्यात तो आंधळ्याला धुवायला पाठवतो ते शिलोहाच्याच तळ्यावर. त्या तळ्याच्या दगडी पायऱ्या २००४ मध्ये यरुशलेमेत सांडपाण्याच्या कामात उघड्या पडल्या. सण माहीत नसेल तर ही तीन सुटी वाक्यं वाटतात.

राहिला मूळ प्रश्न: पाळायचे का? पहिल्या पिढीतले यहुदी विश्वासणारे पाळत होते. पौल स्वतः पन्नासाव्या दिवसासाठी यरुशलेमेला पोहोचायची घाई करतो. पण परराष्ट्रीयांवर ते लादायला त्याचा ठाम विरोध होता. गलती ४ आणि कलस्सै २ वाचा. रोमकरांस १४ मध्ये दिवस मानणाऱ्याने आणि न मानणाऱ्याने एकमेकांना दोष देऊ नये असं तो सांगतो. तुमच्या दोन्ही तटांनी हा अध्याय एकत्र बसून वाचावा. आणि 'ईस्टर माणसांनी ठरवला' म्हणणाऱ्यांना एवढं सांगा की दुसऱ्या शतकात आशिया प्रांतातल्या मंडळ्या पुनरुत्थानाचा सण थेट वल्हांडणाच्या तारखेला, चौदाव्याला करत, तर रोमची मंडळी रविवारी. इ. स. ३२५ च्या नायसिया परिषदेने सगळ्यांनी एकाच रविवारी करावा असं ठरवलं. ईस्टर हा वल्हांडणाचाच वंशज आहे.

एक खबरदारी. हल्ली पवित्र गुरुवारी चर्चमध्ये 'सेदेर', म्हणजे यहुद्यांचं वल्हांडणाचं विधिवत भोजन, मांडण्याची टूम निघाली आहे. आज यहुदी घरांत होणारा सेदेर मुख्यतः इ. स. ७० मध्ये मंदिर पडल्यानंतर घडला. येशूने तो जसाच्या तसा केला असं म्हणता येत नाही. तीन बेखमीर पोळ्या म्हणजे त्रैक्य, ही आपण मागाहून चिकटवलेली कल्पना. शिवाय, यहुद्यांच्या सणांशी ख्रिस्ती लोक कसे वागले याचा इतिहास सुखाचा नाही. चौथ्या शतकात अंत्युखियात ख्रिस्ती लोक यहुद्यांच्या कर्ण्यांच्या आणि मांडवांच्या सणाला जातात म्हणून तिथला उपदेशक योहान क्रिसोस्तम याने अत्यंत कडवट प्रवचनं दिली. १९०३ मध्ये रशियन साम्राज्यातल्या किशिनेव शहरात यहुद्यांची कत्तल सुरू झाली ती ईस्टरच्या रविवारी. म्हणून त्यांचा जिवंत विधी उचलून आपल्या नावावर करू नये. कोणी यहुदी कुटुंबाने बोलावलं तर पाहुणे म्हणून जरूर जा. पुण्यात १८७४ मध्ये छापलेली, मराठी भाषांतर असलेली वल्हांडणाची हगादा, म्हणजे सेदेरला वाचायचं पुस्तक, बघायला मिळाली तर सोडू नका. चित्रांत बायका नऊवारीत आहेत.

मंडळीत काही करायचंच असेल तर माझी सूचना साधी आहे. पवित्र गुरुवारी प्रभुभोजनाआधी निर्गम १२ पूर्ण वाचा, गाळून नको. कापणीच्या उपकारस्तुतीच्या रविवारी लेवीय २३:२२ वाचा आणि त्या दिवशीच्या दानातला ठरलेला वाटा कोणत्या विधवेकडे, कोणत्या ऊसतोड कुटुंबाकडे जाणार हे आधीच ठरवा. तरुणांच्या गटाने योहानाचं शुभवर्तमान घ्यावं आणि जिथे जिथे सणाचा उल्लेख येतो तिथे थांबून जुन्या करारातला तो भाग काढावा. दहाव्या अध्यायात मंदिराच्या पुनःस्थापनेचा सण येईल, तो लेवीयात सापडणार नाही, त्यासाठी इ. स. पूर्व १६४ मधल्या, मंदिर परत मिळवणाऱ्या मक्काबी यहुद्यांच्या लढ्याकडे जावं लागेल. आणि येशू त्याही सणाला मंदिरात होता.